सरका, सरका

"मामा, कोंबडी राहिली!"

रात्रीची वेळ, माझे डोळे जड झालेले, आणि मी दोन पानं एकदम उलटली होती. चुकून नाही, ठरवून. अडीच वर्षांच्या भाचीला अक्षर ओळखता येत नाही, पानांना नंबर असतात हे तिच्या गावीही नाही, पण कोंबडी गाळली गेली हे तिला तत्क्षणी कळलं. मी मुकाट्याने पान मागे घेतलं आणि कोंबडीला तिची जागा दिली.

पुस्तक जाड पुठ्ठ्याच्या पानांचं आहे. एक कोपरा चावून चावून मऊ झालाय. गोष्ट एवढीच: पाऊस येतो, बेडूक छत्रीखाली बसतो. मग उंदीर येतो, मग कोंबडी, मग मांजर, मग शेळी. येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो,

टपटप टपटप पाऊस आला,
सरका, सरका, जागा द्या मला!

शेवटी हत्ती येतो. तो छत्रीखाली मावणार कसा? मग बाकीचेच उठून हत्तीच्या पोटाखाली जाऊन उभे राहतात. संपलं. अख्ख्या पुस्तकात वेगवेगळे शब्द जेमतेम पस्तीस. मी मोजलेत.

मोजायची सवय धंद्यातली. मी प्रुफं तपासतो. एका परिच्छेदात 'महत्त्वाचे' तीनदा आलं की हात शिवशिवतो. दोन खोडायचे, समासात 'पुनरुक्ती' लिहायचं, पुढे जायचं. दिवसभर लोकांची पुनरुक्ती काढून घरी यायचं आणि रात्री एकच ओळ चार पानांवर चारदा, आणि ते पुस्तक एका बैठकीत सहादा वाचायचं, म्हणजे सूड उगवल्यासारखंच आहे. कोण उगवतंय ते कळत नाही.

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२० साली नेमकी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मुलाला आवडलेली गोष्ट पुन्हा हवी असते, जशीच्या तशी. सांगणाऱ्याने काही बदललं तर मूल ते दुरुस्त करतं. म्हणजे भाची माझ्याच धंद्यात आहे. फक्त मी आलेलं काढतो आणि ती गेलेलं परत आणते.

पहिल्या तीन वाचनांत मला काही वाटत नाही. चौथ्याला जांभई येते. पाचव्याला तोंड वाचत असतं आणि मन वीजबिलाकडे गेलेलं असतं. आणि कधीतरी, अशाच एका कितव्या तरी वाचनाला, तिने पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही बघ." एक गोगलगाय. मी पान उलटलं. इथेही होती, बोटभर पुढे. त्याच्या पुढच्या पानावर आणखी बोटभर पुढे. शेवटच्या पानावर ती हत्तीच्या पायाशी पोचते. गोष्टीत तिचा शब्दानेही उल्लेख नाही. चित्रकाराने ती गुपचूप चालवली होती आणि अठरा वर्षं नजर तासलेल्या माणसाला ती दिसली नव्हती, कारण तो माणूस अक्षरं वाचत होता. भाची चित्रं वाचते. तिला वेळ हवा असतो, आणि तो तिला ओळ पुन्हा पुन्हा आल्यामुळे मिळतो: कान ओळखीच्या ओळीवर सोडून द्यायचे आणि डोळे मोकळे फिरवायचे.

ओळ तिने माझ्याकडून कशी घेतली तेही मी पाहिलंय. शेपटीकडून. सुरुवातीला मी "जागा द्या" म्हणून थांबलो की ती "मला!" म्हणायची, आणि त्या एका शब्दावर सगळी गोष्ट उभी असल्यासारखा चेहरा करायची. काही दिवसांनी "द्या मला" तिचं झालं. मग "जागा द्या मला". आता "टपटप" एवढंच माझ्या वाट्याला उरलंय, तेही मेहरबानी म्हणून.

एकदा मी सोफ्यावर पसरलो होतो. ती आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, सरका."

एरवी ती मला 'अरे मामा' करते. पुस्तकात अनेकवचन होतं म्हणून मला अहो-जाहो मिळालं. पण मी चाट पडलो तो दुसऱ्याच कारणाने. आमच्या घरात 'सरक' असं कुणी म्हणत नाही, 'तिकडे हो' म्हणतात. हा शब्द तिने थेट छत्रीखालून उचलला होता, अर्थासकट. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला होता. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. ते शब्द चांगले शिकली ती मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी मुलं. मला यात नवल वाटत नाही. पहिल्या वेळी मूल 'कोण आलं, काय झालं' यातच गुंतलेलं असतं. 'सरका' म्हणजे नेमकं काय, हे बघायला चौथ्या-पाचव्या फेरीतच सवड मिळते. प्रत्येक पानावर कुणीतरी खरोखर सरकलेलं असतं.

आणि आपण तरी कुठे कमी आहोत? मराठीत 'पुन्हा' हा शब्दसुद्धा एकदा म्हणून भागत नाही, 'पुन्हा पुन्हा' म्हणावं लागतं. हळूहळू, गरगर, लुकलुक, थुईथुई. बाळाशी बोलायची आपली सगळी भाषा जोडीजोडीने चालते: भूभू, मंमं, जोजो. बाबा, दादा, काका, आणि मी मामा. एकच अक्षर दोनदा. मी स्वतःच पुनरुक्ती आहे, हे लक्षात यायला मला भाची व्हावी लागली.

पण म्हणून तीच ओळ सहादा छापली की पुस्तक झालं, असं नाही. या प्रकारची पुस्तकं मी खूप वाचून दाखवलीत आणि त्यातली बरीचशी आळशी असतात. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे आला-गेला-झाला-केला असं यमक फुकट मिळतं, आणि फुकटचं ते दिसतं. चांगल्या पुस्तकात ओळ तीच राहते पण तिच्या आजूबाजूचं बदलतं. छत्री तेवढीच, माणसं वाढलेली (माणसं नव्हे, जनावरं, दुरुस्ती तिचीच). उंदीर 'सरका' म्हणतो तेव्हा ते सोपं असतं. शेळी म्हणते तेव्हा बेडकाचा एक पाय पावसात असतो. अमेरिकन बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांनी प्रकाशकाशी पैज लावून फक्त ५० वेगवेगळ्या शब्दांत अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९६० साली आलं. आधी मला ती गंमत वाटायची. आता वाटतं, पन्नास शब्दांत लपायला जागाच नसते. एक शब्द ढिला पडला की मूल उठून निघून जातं.

भाचा सहा वर्षांचा. तो या पुस्तकाला "बाळांचं" म्हणतो. पण हल्ली तो वाचायला शिकतोय आणि मोठ्या पुस्तकांतल्या जोडाक्षरांशी झटापट करून दमला की कुणी बघत नाहीसं पाहून हेच उचलतो. पहिल्यांदा त्याने शब्दांखाली बोट धरून वाचलं तेव्हा मी शेजारी होतो. ओळ त्याला पाठ आहे. "टप" म्हणताना बोट पहिल्या 'टपटप'वर, दुसऱ्या "टप"ला दुसऱ्या 'टपटप'वर, तिसऱ्याला 'पाऊस'वर, चौथ्याला 'आला'वर. मग "पाऊस आला" म्हणायच्या वेळी ओळीत शब्दच उरले नाहीत. बोट थेट बेडकाच्या पोटावर गेलं. तो थबकला. मी काही बोललो नाही (जीभ चावून). त्याने बोट उचललं, ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि या वेळी पहिल्या शब्दाखाली ते रेंगाळत नेलं, ट-प-ट-प. पाठ असलेली ओळ आणि छापलेली ओळ एकमेकींना जुळवायचं काम चाललं होतं. ओळ पाठ नसती तर शब्द कमी पडलेत हे त्याला कळलंच नसतं.

परवा त्याने ते बहिणीला वाचून दाखवलं. ती पलंगावर उताणी पडून पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. बेडूक, उंदीर, कोंबडी, गाडी सुसाट. मांजर, शेळी. हत्तीचं पान आलं. "टपटप टपटप पाऊस आला, सर..." आणि तो थांबला. बोटाखाली 'स' नव्हता. हत्तीची ओळ वेगळी आहे: 'या रे, या रे, पोटाखाली चला!' पान त्याने डोळ्यांजवळ घेतलं. ओठ हलायला लागले.

"सरका संपलं, दादा," अंगठा न सोडता ती म्हणाली. "आता हत्ती."