आजींचा सूर आधी

कोजागरीला आमच्या मंडळाचं गाणं नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर रंगतं. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे दोन शब्द, शाल-श्रीफळ हे अर्ध्या तासात उरकतं. गेली २२ वर्षं मी चिटणीस आहे, आणि दरवर्षी माझा जीव लागून असतो तो 'घरच्या गाण्या'कडे.

एका घरातल्या तीन पिढ्यांनी मिळून एक गाणं म्हणायचं, एवढाच नियम. पण सूर कोणाचा घ्यायचा? पेटीच्या ज्या पट्टीला सा धरायचा, ती प्रत्येकाची वेगळी: आजोबांची खालची काळी एक, सुनेची उंच काळी पाच, नातवाचा आवाज अजून फुटायचा. सगळे आपापली पट्टी सांगू लागले की पेटीवाले काका भात्यावरचा हात थांबवतात. "आजींचा सूर आधी." वयानुसार बायकांचाही आवाज उतरतो, पूर्वी काळी पाचात गाणाऱ्या आजींना आता काळी तीन लागते. मग सून खाली उतरते, आजोबा उंच जागी नुसते ओठ हलवतात, नातू सरळ वरच्या सप्तकात जातो. दोन ओळी ओढाताण होते. तिसऱ्या ओळीला सगळं घर एका सुरात येतं, आणि तिथे दरवर्षी माझे डोळे भरतात. गायक वसंतराव देशपांडे नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, हेही काका पोरांना दरवर्षी सांगतात. सांगावंच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराची पाळी होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्याआधी मोझरीला त्यांचं खंजिरीवरचं भजन सासूबाईंनी परकरात असताना ऐकलेलं. त्यांना साथ खंजिरीचीच हवी होती. माझा मुलगा तबला शिकतो, तो तयार झाला. ऐन वेळी दवानं खंजिरीचं कातडं सैल पडलं. पोरगा धावत खाली चौकात गेला, दुधाच्या शेगडीवर ती शेकून घेऊन आला. सासूबाईंनी बोट वाजवून पाहिलं. "अजून थोडी, बापा." पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान हलवली आणि लगेच भजन उचललं. समोरच्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही धृपद येत होतं, कारण दुपारी ती त्यांच्याचपाशी खेळतात. माझ्या लेकानं आजीच्या हाताकडे बघत ठेका धरला होता.

गच्चीवर ६० खुर्च्या मांडतो. गेल्या वर्षी गाणं सुरू झालं तेव्हा ३१ भरल्या होत्या. नव्या स्कीममधली, म्हणजे फ्लॅटमधली, मंडळी दूध वाटायच्या वेळेला येतात, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी बैठकीतही बोलले आहे. पुण्याचे भाऊजी व्हिडिओ कॉलवर हजर असतात. ती हजेरी मी वहीत लावत नाही.

आभारात कोणी राहू नये म्हणून इथेच लिहिते: गच्ची देणारे वाड्याचे मालक, पेटीवाले काका, त्यांची पेटी जिन्यानं चढवणारी दोन मुलं, माईकवाले दादा, फळा रंगवणारी ताई, सांबारवड्या (कोथिंबिरीच्या) करणाऱ्या चौघी, खुर्च्या मोजून परत करणारा पोरगा. सतरंज्या देणाऱ्या वहिनी गेल्या वर्षी माझ्याकडून सुटल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप नव्हती. आणि दूध आटवणाऱ्या काकू. पातेलं सोडून त्यांना वर येता येत नाही. तीनदा खंजिरी शेकून दिली ती त्यांनीच, आणि भजन मात्र त्यांना धड ऐकूही आलं नाही. यंदा एक स्पीकर चौकाकडे तोंड करून लावायला माईकवाल्या दादांना सांगून ठेवलंय.