त्या दिवशी ऊन फार होतं

जुन्या नटनट्यांच्या मुलाखती ऐकायचा मला नाद आहे. मुलाखत घेणारा डोळ्यांत प्राण आणून विचारतो, ‘तो प्रसंग करताना तुमच्या मनात काय चाललं होतं?’ आणि समोरच्या बाई निवांतपणे सांगतात की बूट चावत होते. किंवा ऊन फार होतं, किंवा दागिन्यांनी कान ओघळले होते. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मला मात्र खरी मुलाखत तिथूनच सुरू झाल्यासारखी वाटते.

‘आराधना’तलं ‘मेरे सपनों की रानी’ घ्या. उघड्या जीपमध्ये राजेश खन्ना, शेजारून धावणारी दार्जिलिंगची ती इवलीशी गाडी आणि खिडकीत पुस्तक वाचायचं सोंग करत चोरून बघणारी शर्मिला टागोर. १९६९ पासून आजतागायत कितीजण त्या नजरानजरेवर जीव टाकत आलेत! आणि शर्मिलाबाई मुलाखतीत हसत हसत सांगतात की त्या तिथे नव्हत्याच. त्यांच्या तारखा सत्यजित राय यांच्या चित्रपटाला दिलेल्या होत्या. म्हणून जीप दार्जिलिंगला धावली आणि खिडकीतली शर्मिला नंतर स्टुडिओत चित्रित झाली. हे कळल्यावर मी ते गाणं मुद्दाम पुन्हा पाहिलं. काही फरक पडला नाही, दोघं एकमेकांकडे बघतच होते.

आपण जो चित्रपट पाहतो, तो नटाने कधी अनुभवलेलाच नसतो. त्याला तुकडे मिळतात, तेही उलटसुलट. एका जागेवरचे सगळे प्रसंग एकदम उरकायचे असतात, त्यामुळे शेवटचा निरोप पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो आणि पहिली भेट महिन्याभराने होते. बाकीचा वेळ वाट बघण्यात जातो. लाइटिंग व्हायची असते, ढग सरकायचे असतात, वरून विमान जायचं असतं. क्लोज-अपच्या वेळी समोरचा नट पॅकअप करून घरी गेलेला असू शकतो. मग कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवलेल्या पट्टीकडे बघून ‘तुझ्याशिवाय मी जगू शकणार नाही’ म्हणायचं आणि गळा दाटून आणायचा. या सगळ्यात त्याच्याजवळ सलग असं एकच काही असतं, ते म्हणजे त्याचं शरीर. ते घामेजतं, कुडकुडतं, उपाशी राहतं. आठवणी तिथेच साठतात, त्याला कोण काय करणार?

कधीकधी शरीर पटकथाही बदलतं. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चं (१९८१) चित्रीकरण ट्युनिशियात चाललं होतं आणि हॅरिसन फोर्डचं पोट पार बिघडलं होतं. त्या दिवशी चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक मारामारी करायची होती. फोर्डला तर आपल्या ट्रेलरपासून फार वेळ लांब राहणं परवडत नव्हतं. त्याने सुचवलं, सरळ गोळीच घालू या की! काळ्या वेशातला धिप्पाड माणूस तलवार गरागरा फिरवतो, नायक कंटाळल्यासारखा बघतो आणि पिस्तूल काढून मोकळा होतो. थिएटरात हशा आणि टाळ्या. फोर्डने हा किस्सा पुढे असंख्य वेळा सांगितला आणि तो आहेही फर्मास. माझा जीव मात्र त्या तलवारवाल्यात अडकतो. तो स्टंटमन होता, त्या मारामारीची त्याने कसून तालीम केलेली होती. दुसऱ्याचं पोट बिघडलं आणि याची तलवारबाजी गेली. त्याची मुलाखत कितीजणांनी पाहिली असेल?

किस्से शेवटी त्यांच्याच मालकीचे होतात, जे सांगायला उरतात. ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (१९५९) मेरिलिन मनरोला खोलीत येऊन टेबलाचे खण उघडत एक अगदी साधं वाक्य म्हणायचं होतं. ते तिला जमेना. शेवटी दिग्दर्शक बिली वाइल्डरने ते वाक्य लिहून खणांत ठेवायला लावलं. टेक किती झाले? सांगणारे बदलतात तसा आकडाही बदलतो. वाइल्डर आणि टोनी कर्टिस या दोघांनी ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगितली, कर्टिस तर २०१० पर्यंत होता. मनरो १९६२ मध्येच गेली, अवघी ३६ वर्षांची. खण उघडून उभ्या असलेल्या त्या बाईचं म्हणणं कधी आपल्यापर्यंत आलंच नाही. तिच्या मनात भीती होती, हट्ट होता की नुसती झोप, कोण सांगणार?

चित्रपट लागायच्या आठवड्यातल्या मुलाखती मात्र मी टाळतो. तेव्हा सगळं युनिट एक कुटुंब असतं, दिग्दर्शकाकडून सगळ्यांना खूप काही शिकायला मिळालेलं असतं आणि सेटवर आम्ही खूप धमाल केली, हे वाक्य तर करारपत्रातच लिहिलेलं असावं. आठवणीला मुरायला वेळ लागतो. शिवाय निर्मात्याशी पुन्हा काम पडण्याची शक्यता संपावी लागते, हेही आलंच.

हंसा वाडकरांनी आपली कहाणी सांगितली तेव्हा हा असला मुलाहिजा ठेवला नव्हता. पडद्यावरच्या झगमगाटापेक्षा घर, पैसा, माणसं आणि शीण हेच त्यात जास्त येतं. त्या कहाणीवरून १९७७ साली ‘भूमिका’ निघाला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे एका नटीचा थकवा दुसऱ्या नटीने टेकमागून टेक देत उभा केला. तो करताना स्मिताला कुठे काय बोचत होतं, हे ऐकायला मला फार आवडलं असतं.

‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या (१९६५) सुरुवातीला हिरव्यागार डोंगरमाथ्यावर दोन्ही हात पसरून गिरकी घेणाऱ्या ज्युली अँड्र्यूजना बघून आपल्यालाही धावत सुटावंसं वाटतं. त्यांना आठवतं ते हेलिकॉप्टर. कॅमेरामन त्याच्या बाजूला लटकलेला. प्रत्येक टेकनंतर हेलिकॉप्टर त्यांच्याभोवती वळसा घेई आणि त्याच्या वाऱ्याने त्या गवतात आडव्या होत. तोंडातली माती थुंकून पुन्हा उभं राहायचं आणि पुन्हा प्रसन्न दिसायचं. त्यांचे सहनायक क्रिस्टोफर प्लमर तर या चित्रपटाचं नाव काढलं की वैतागायचे, त्याच्या गोडमिट्टपणाची वर्षानुवर्षं टर उडवायचे. मग कधीतरी पुष्कळ वर्षांनी लहान मुलांच्या एका पार्टीत तो लावलेला होता आणि प्लमरना बसून बघावा लागला. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं, चित्रपट चांगला आहे.