गळ्यातली नळी सांभाळताना: ट्रेकिओस्टॉमीचा माझा अनुभव

वडिलांना ट्रेकिओस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यात केलेल्या भोकाच्या, नळीसकट घरी सोडायचं ठरलं, तेव्हा वॉर्डमधल्या सिस्टरांनी कामांची यादी हातात दिली: सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं), आतली नळी (मुख्य नळीच्या आत बसणारी, काढता येणारी) धुणं, नेब्युलायझर, गळ्याची पट्टी बदलणं, फुग्याचा दाब पाहणं. यादी चोख होती. पण कुठलं काम कशासाठी हे कळत नाही तोवर ती नुसती पाठ करावी लागते, आणि पाठ केलेलं ऐनवेळी आठवत नाही. माझं काम सोपं झालं ते एका हिशेबाने. भोक गळ्यात खाली असतं, त्यामुळे हवा नाक, घसा आणि स्वरयंत्र वगळून थेट श्वासनलिकेत जाते. वगळलेल्या अवयवांची कामं मात्र कुणीतरी करावीच लागतात. यादीतलं जवळपास प्रत्येक काम त्यांचंच होतं, फक्त आता ते आमच्या अंगावर आलं होतं.

(इथले सगळे आकडे मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असते, त्यांचे आकडे त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.)

भोक नेमकं कुठे असतं ते आपल्याच गळ्यावर बोट ठेवून कळतं. वरून खाली येताना कंठमणी लागतो, त्याखाली एक मऊ खळगा, आणि खळग्याखाली कडक कडं. हे क्रिकॉइड. सगळ्या श्वासमार्गात पूर्ण गोल असं कूर्चेचं कडं हे एकच. त्याखाली श्वासनलिका सुरू होते. ती साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यातल्या 16 ते 20 कूर्चा घोड्याच्या नालासारख्या, मागच्या बाजूने उघड्या असतात. मागची भिंत मऊ, स्नायूची, आणि तिला लागूनच अन्ननलिका. नळी सहसा दुसऱ्या ते चौथ्या कड्यांच्या दरम्यान बसवतात. क्रिकॉइडला इजा झाली तर श्वासमार्ग तिथेच आकसण्याची भीती असते, म्हणून त्याच्यापासून अंतर राखतात.

स्वरतंतू या सगळ्याच्या वर, कंठमण्याच्या आत. नळी बसल्यावर आवाज जातो तो तंतूंपर्यंत हवाच पोचत नाही म्हणून. तंतू बहुतेकदा धडधाकट असतात. भेटायला येणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काही जण तर पेशंटला ऐकूही येत नसेल असं समजून ओरडून बोलतात.

आता सक्शन, कारण भीती सगळ्यांना त्याचीच वाटते. खोकल्यात स्वरयंत्राचा मोठा वाटा असतो. आपण खोल श्वास घेतो, स्वरतंतू क्षणभर घट्ट मिटतात, छाती-पोटाचे स्नायू आवळून आत दाब साठतो आणि तंतू फटकन उघडले की हवा कफाला घेऊन बाहेर पडते. नळीचं तोंड तंतूंच्या खाली उघडतं, त्यामुळे दाब साठतच नाही. खोकला येतो, पण दुबळा. वर आणलेला कफ नळीतच अडकतो आणि तो आपल्याला ओढून काढावा लागतो.

कफ ओढायच्या बारीक, लवचीक नळीची, म्हणजे कॅथेटरची, जाडी गळ्यातल्या नळीवरून ठरते. नळीच्या आतल्या व्यासातून 2 वजा करून दुप्पट करायची. 8 मिलिमीटरच्या नळीला 12 नंबरचं कॅथेटर. त्याहून जाड घातलं तर बाजूने हवा आत यायला जागा उरत नाही आणि कफाबरोबर फुप्फुसातली हवाही खेचली जाते. मशीनचा दाब 80 ते 120 मिलिमीटर पारा ठेवतात, 150 च्या वर कधीच नाही. खोलीचं माप आधीच घेऊन ठेवावं: सुटी नळी शेजारी धरून तिच्या लांबीपेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर पुढे, आणि तिथे कॅथेटरवर खूण. ऑक्सिजन चालू असेल तर आधी तो थोडा वेळ वाढवायला सांगतात.

मग हात धुवून, ग्लोव्हज घालून, अंगठा कॅथेटरच्या बाजूच्या भोकावरून उचललेला ठेवून, म्हणजे ओढ बंद ठेवून, कॅथेटर खुणेपर्यंत आत सारायचं. तिथे थांबायचं. आता अंगठा दाबायचा आणि दोन बोटांत कॅथेटर हलकेच फिरवत बाहेर काढायचं. आत-बाहेर मिळून 10 ते 15 सेकंद. घड्याळ बघायला हात मोकळा नसतो, म्हणून मी स्वतःचा श्वास रोखून धरायचे. आपल्याला श्वास हवासा वाटायला लागला की समोरच्याला तो केव्हाचाच हवा असतो. एका बैठकीत जास्तीत जास्त तीन वेळा, आणि प्रत्येक वेळेनंतर श्वास पुरता स्थिर होऊ द्यायचा.

खूण ओलांडून खोल जाण्याचा मोह होतो, कारण ‘अजून आत आहे’ असं वाटत राहतं. पण खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे, अस्तर फार नाजूक असतं. तिथे कॅथेटर टोचत राहिलं तर कफात रक्ताच्या रेषा दिसू लागतात, आणि व्हेगस मज्जातंतू चेतवला गेला तर हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. सक्शन घड्याळ लावूनही करू नये. घरघर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी कफ दिसला, ऑक्सिजन उतरला किंवा माणूस अस्वस्थ झाला की करावं. विनाकारण केलेलं सक्शन अस्तराला चिडवतं आणि कफ आणखी वाढतो. सक्शनआधी नळीत सलाइन पिचकारण्याची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. घट्ट कफ त्याने म्हणावा तसा पातळ होत नाही, उलट ऑक्सिजन मात्र खाली येऊ शकतो. माझ्या मते कफ पातळ ठेवायचा तो हवेच्या ओलाव्याने.

हा ओलावा म्हणजे नाकाचं काम, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते यानेच. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा 37 अंश आणि पूर्ण दमट व्हावी लागते. त्या हवेत दर लिटरला 44 मिलिग्रॅम पाणी असतं. 22 अंशांच्या, 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीतल्या हवेत ते असतं जेमतेम 10. मधली तूट मुख्यतः नाक आणि घसा भरून काढतात. तेच वगळले की कोरडी हवा श्वासनलिकेच्या अस्तरातून पाणी शोषते. त्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, जे कफाचा थर सतत वर ढकलत असतात. ते कोरडे पडले की त्यांचं काम थंडावतं. कफ घट्ट होतो आणि नळीत खपली धरते.

आतली नळी काढून उजेडासमोर धरली की ही खपली दिसते: टोकाजवळ चिकट, पिवळट थर, कडेला सुकून तपकिरी झालेला. मिलिमीटरभर थर किरकोळ वाटतो. पण 8 मिलिमीटरच्या नळीत सगळीकडून 1 मिलिमीटर थर बसला तर व्यास 6 उरतो, आणि हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे तो तिपटीच्या वर जातो. रात्री शांत झोपलेला माणूस पहाटे छाती ओढून श्वास घेताना दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून आतली नळी दर 4 ते 8 तासांनी काढून पाहायची, स्वच्छ वाटली तरी. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायची, पूर्ण कोरडी करून ठेवायची आणि तोवर दुसरी घालायची. आत ओली नळी घालू नये.

दिवसा नळीच्या तोंडावर ‘कृत्रिम नाक’ लावतात. बाहेर जाणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल ते धरून ठेवतं आणि आत येणाऱ्या हवेला परत देतं. ते 24 तासांनी बदलायचं, कफाने भिजलं तर लगेच, कारण भिजलेलं कृत्रिम नाक श्वासच अडवतं. नेब्युलायझर देताना ते काढून ठेवायचं. कफ घट्ट असेल तर साध्या सलाइनचं नेब्युलायझेशन आणि पोटात पुरेसं पाणी जातंय ना, एवढं बघितलं तरी सक्शनची वेळ कितीतरी कमी येते.

फुग्याबद्दल दोन गैरसमज सर्रास दिसतात. नळीच्या खालच्या टोकाजवळचा हा फुगा नळी जागेवर धरून ठेवण्यासाठी नसतो. ते काम मानेभोवतीच्या पट्टीचं, आणि ती एक बोट जाईल इतकीच सैल हवी. फुगा हवेची गळती थांबवतो आणि वरची लाळ खाली जाणं काही प्रमाणात रोखतो, पूर्ण नाही. दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाणी एवढाच. त्याहून जास्त झाला तर अस्तराच्या केशवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, आणि पुढे श्वासनलिका आकसणं किंवा मागच्या मऊ भिंतीतून थेट अन्ननलिकेत भोक पडणं इथपर्यंत मजल जाते. बाहेर लोंबणारा छोटा फुगा चिमटीत दाबून दाब ओळखता येतो असं अनुभवी माणसंही सांगतात. येत नाही. त्याचा मीटर मिळतो, तोच वापरावा. फुगा सोडण्याआधी, म्हणजे त्यातली हवा काढण्याआधी, तोंडातली आणि फुग्यावर साचलेली लाळ ओढून घ्यायची, नाहीतर सोडल्या क्षणी ती सगळी खाली उतरते.

गिळण्याचं गणितही यातच अडकलेलं. घास गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण, त्यावर झुकते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. नळीमुळे स्वरयंत्र मोकळेपणाने वर सरकत नाही, आणि फुगवलेला फुगा मागून अन्ननलिकेवरही दाबू शकतो. त्यात बरेच दिवस वरून हवा न गेल्याने घशाची संवेदना बोथट होते, त्यामुळे घास चुकीच्या वाटेला गेला तरी ठसका येईलच असं नाही. ‘ठसका लागला नाही, म्हणजे नीट गिळलं’ हा तर्क इथे धोक्याचा आहे. तोंडाने खाणं स्पीच थेरपिस्टच्या तपासणीनंतरच, गरज पडल्यास नाकातून दुर्बीण घालून गिळणं प्रत्यक्ष पाहून.

बारीकसारीक गोष्टी: नाकातून हवा जात नाही म्हणून वास येत नाही आणि जेवण बेचव लागतं. स्वरतंतू मिटून छातीत हवा कोंडता येत नाही, म्हणून शौचाला जोर लावता येत नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. आंघोळीचं पाणी छातीच्या खालीच. गळ्याखाली घालायचं गॉझ कात्रीने कापू नये, सुटे धागे भोकात जातात. आधीच चीर असलेलं मिळतं.

नळी तुंबली तर क्रम ठरलेला हवा, आणि घरातल्या प्रत्येकाला तो यायला हवा. एकाने मदतीला फोन करायचा, दुसऱ्याने आधी आतली नळी काढायची. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही तर कॅथेटर घालून बघायचं. ते आत जात नसेल तर फुगा सोडायचा, म्हणजे नळीच्या बाजूने हवा जाऊ शकेल. तरीही श्वास मिळत नसेल तर नळी काढून टाकायची आणि ऑक्सिजन तोंडावर आणि भोकावर, दोन्हीकडे द्यायचा. तुंबलेली नळी ‘निदान आहे तरी’ म्हणून ठेवण्यात अर्थ नसतो. ज्यांचं स्वरयंत्रच काढलेलं असतं त्यांचं वेगळं: त्यांच्या तोंडाचा फुप्फुसाशी संबंध उरलेला नसतो, ऑक्सिजन गळ्यावरच द्यायचा. उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या, आणि वीज नसली तरी चालणारं सक्शन हवंच. लालभडक रक्त भळभळ आलं तर, मग ते आपोआप थांबलं तरी, ताबडतोब हॉस्पिटल. जवळून जाणाऱ्या मोठ्या धमनीला इजा झाल्याची ती पूर्वसूचना असू शकते.

बोलण्याचा व्हॉल्व्ह लावला की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. तो श्वास आत घेऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. बाहेरचा श्वास नळीच्या बाजूने वर, स्वरतंतूंतून जातो. त्यामुळे फुगा पूर्ण सोडल्याशिवाय तो लावणं जिवावर बेततं, कारण आत घेतलेला श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही. फुगा सोडूनही लावल्या लावल्या घुसमट झाली तर लगेच काढायचा. नळी जाड असेल किंवा वर कुठेतरी अडथळा असेल.

नळी काढण्याकडे जाताना फुगा सोडून राहणं, लहान मापाची नळी, व्हॉल्व्ह आणि शेवटी टोपण लावून नळीचं तोंड बंद, अशा पायऱ्या असतात. टोपण लावून साधारण दिवसरात्र नीट गेली, खोकल्यात जोर आला, लाळ गिळता येऊ लागली आणि दुर्बिणीत वरचा मार्ग मोकळा दिसला की नळी काढतात. भोकावर हवाबंद पट्टी लावायची आणि बोलताना, खोकताना तिच्यावर दोन बोटांनी दाबायचं, नाहीतर दर खोकल्याला हवा तिथूनच निसटते आणि भोक भरायला उशीर होतो. बहुतेकांचं काही दिवसांत ते दोन आठवड्यांत बुजतं. न बुजल्यास छोट्या शस्त्रक्रियेने बंद करतात. भोक बुजल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही जिना चढताना दम लागू लागला आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तर तो दमा समजून औषध घेत बसू नये. नळी किंवा फुगा टेकत होता तिथे श्वासनलिका आकसली आहे का, हे दुर्बिणीने पाहून घ्यावं.