दातांचा दवाखाना पुण्याहून सिंदेवाहीला न्यायच्या आधी वर्षभर केलेली पाहणी – माझा अनुभव

मी डेंटिस्ट आहे. हडपसरला एका खुर्चीचा दवाखाना अकरा वर्षं चालवला. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडचं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई एकटी पडायला लागली आणि आम्ही ठरवलं की आता परत जायचं. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, त्याला कुठूनही चालतं, प्रश्न माझ्या दवाखान्याचा होता. कुठे टाकायचा? नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, थोडं पुढे गडचिरोली, एवढी नावं कागदावर लिहिली आणि मला वाटलं की हा भाग तर माझाच आहे, आठ दिवस फिरले की कळेल. तसं झालं नाही. बारावीपर्यंत राहिले होते ते लेक म्हणून, दवाखाना टाकणारी म्हणून हा भाग मला काहीच माहीत नव्हता. शेवटी तीन चकरा झाल्या, मे, ऑगस्ट आणि डिसेंबर, आणि तिन्ही वेळा वेगळंच चित्र दिसलं म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कोणी असा विचार करत असेल तर उपयोग होईल.

मे महिन्यात गेले तेव्हा मी फक्त गाळे बघत फिरले. हीच पहिली चूक. रस्त्यावर आहे का, शटर किती मोठं, पार्किंग आहे का, भाडं किती, पुण्याच्या डोक्याने जे बघतात ते सगळं बघितलं. एका गावात (नाव लिहीत नाही) मेन रोडच्या मागच्या गल्लीत छान गाळा मिळाला, भाडं पुण्याच्या पाव पट, मी उत्साहात वीस हजार टोकन देऊन आले. त्या चकरेत कामाचं असं एकच कळलं, ते म्हणजे ऊन. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे मध्ये पारा ४५-४६ च्या पुढे जातो हे लहानपणापासून अंगाला माहीत होतं, पण दवाखान्यात त्याचा अर्थ काय ते आता कळलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि दातांचं माप घ्यायची पावडर (अल्जिनेट) गरम पाण्यात कालवलं की तोंडात जायच्या आधी वाटीतच घट्ट होतं. भुलीचं औषध, फिलिंग दाताला चिकटवायच्या बॉन्डिंगच्या बाटल्या, सगळं फ्रिजमध्येच ठेवावं लागणार, आणि फ्रिज चालायला लाइट पाहिजे. म्हणून एक मल्टिमीटर घेतला आणि जिथे जाईन तिथे मालकाला विचारून सॉकेटमध्ये लावून बघायला लागले. एके ठिकाणी सकाळी २३० व्होल्ट होते आणि संध्याकाळी १७० वर आले. एवढ्यात कॉम्प्रेसरची मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही आणि जळते. गाळा दिवसा एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा हे मी कोणालाही सांगेन.

ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा टोकन दिलेल्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं. नाली तुंबली की दरवर्षी होतं म्हणे, मालकाने मे मध्ये एका शब्दाने सांगितलं नव्हतं. टोकन परत मिळालं नाही, सोडून दिलं. पण त्याच्यानंतर मी पाण्याबद्दल फार विचारायला लागले. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडल्यावर वैनगंगेला पूर आला होता आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली, वडसाकडची कितीतरी गावं पाण्यात होती, त्यामुळे त्या बाजूला जागा बघताना मी शेजारच्या किराणावाल्याला सरळ विचारायची की त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो बोट ठेवून भिंतीवर दाखवायचा. मालकापेक्षा शेजारी खरं सांगतो.

ऑगस्टमध्येच अजून एक गोष्ट बघितली, दवाखाने रिकामे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. सगळ्या बाया बांधीत (धानाच्या शेतात), सकाळी सातला गेलेल्या त्या अंधार पडायच्या आधी परत, एक दिवस सुटला तर मजुरी गेली. आईच्या ओळखीच्या एका मामींचा गाल चांगला सुजलेला होता, मी म्हटलं मामी पू झालाय, आजच दाखवा, तर म्हणाल्या, "रोवना होऊ दे बाई, मंग पाहू." सूज घशाकडे उतरली तर श्वासाला धोका असतो हे मी त्यांना बसवून समजावलं तेव्हा कुठे तयार झाल्या. त्या दिवशी मला इथल्या दवाखान्याचं वर्ष कळलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे मध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा, मग दिवाळीच्या आसपास कापणी आणि चुरणा (मळणी), आणि धान विकलं की हातात पैसा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई (जत्रा) भरते, पाहुणे येतात, रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या भागातलं, नाटक असतं, त्या दिवसांत लोक निवांत असतात आणि कवळी, कॅप अशी थांबवून ठेवलेली कामं तेव्हाच निघतात. पुण्यात मी महिन्याचा हिशोब करायची, इथे वर्षाचा करावा लागणार, निदान चार महिने खर्च भागेल एवढे पैसे वेगळे ठेवूनच सुरुवात करायची हे तिथेच ठरवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबरच्या चकरेत मी गाळे बघणं पूर्ण बंद केलं आणि पेशंटसारखी फिरले. म्हणजे काय केलं, तर जंगलाकडच्या एका गावात दूरच्या मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी साडेसहाच्या मुक्कामी गाडीने सिंदेवाहीला आले, मग दिवसभर स्टँडवर, बाजारात, दवाखान्यांच्या बाहेर बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. असं तीन दिवस, तीन वेगळ्या गावांतून. गाडीत निम्म्याहून जास्त बायाच असायच्या, मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मं तिकीट झाल्यापासून बाया स्वतःच्या स्वतः तालुक्याला येतात, नवऱ्याच्या गाडीची वाट बघत नाहीत. हे मला घरी बसून कधीच सुचलं नसतं.

आणि चार-साडेचार वाजले की स्टँडवर एकच घाई. मला आधी वाटलं शेवटची गाडी असेल. शेवटची नव्हती. बाजूच्या आजीला विचारलं तर म्हणाल्या, "अंधार पडाच्या आंधी घरी पोचा लागते बाई, वाघ आहे ना जी." ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हा सगळा पट्टा वाघाच्या हल्ल्यांचा, फाट्यावर उतरून गावात दोन किलोमीटर चालत जायचं असेल तर सूर्य असतानाच जावं लागतं. माझ्या लहानपणी एवढं नव्हतं. मी पुण्याचा टाइम डोक्यात घेऊन आले होते, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ, आणि पुण्यात माझं निम्मं उत्पन्न संध्याकाळचं होतं. इथे पाचनंतर फक्त गावातले पेशंट येणार, खेड्यातला एकही नाही, आणि मला तर खेड्यातल्याच लोकांसाठी यायचं होतं. दुसरं म्हणजे लोक परत-परत येऊ शकत नाहीत. एक भाऊ म्हणाले, "येका दिवसात होत असन त करतो म्याडम, पुन्ना पुन्ना येनं नाही जमत." तीन सिटिंगची आरसीटी (रूट कॅनल) सांगितली की माणूस म्हणतो काढूनच टाका, आणि चांगला वाचणारा दात जातो. म्हणून मी इंटिरियरचे पैसे कापले आणि रूट कॅनल लवकर होण्यासाठी एंडोमोटर (मुळं साफ करायचं मशीन) आणि एपेक्स लोकेटर (मुळाची लांबी मोजणारं) नवीन घेतले, जेवढ्या केस एका बैठकीत होण्यासारख्या असतील तेवढ्या त्याच दिवशी संपवायच्या.

बाजारातच खर्रा बघत बसले होते. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात, शाळेतली पोरंसुद्धा घेतात. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची, पण खर्रा टपरीवर उघड घोटला जातो. मी चहाच्या टपरीवर ओळख झालेल्या लोकांना म्हणायची, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा बरं. बऱ्याच जणांची दोनच जायची. एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाचं दीड. तिखट खाल्लं की आग होते का विचारलं तर हो म्हणाला, मला वाटलं उष्णता वाढली असेल म्हणे. ही सबम्युकस फायब्रोसिस, गालाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक होत जाते, गेलेलं पूर्ण परत येत नाही आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. खर्रा आज बंद केला तर निदान वाढ थांबायची शक्यता असते. एवढ्या कमी उघडणाऱ्या तोंडात मागच्या दाढेला हात पोचत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच होता. गडचिरोलीत मुक्तिपथचं काम २०१६ पासून दारू आणि तंबाखूवर गावपातळीवर चाललंय, ते ऐकून होते, तसं काही इथे माझ्या खुर्चीवरून जमेल तेवढं करायचंय. प्रत्येक पेशंटचं तोंड किती मिलिमीटर उघडतं ते केसपेपरवर लिहायचं, आणि संशय आला की नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला पाठवायचं. नुसती चिठ्ठी दिली तर लोक जात नाहीत, गाडी कोणती, उतरायचं कुठे, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं हे लिहून द्यावं लागतं, म्हणून मी स्वतः एकदा त्या रस्त्याने जाऊन आले.

ब्रह्मपुरी का नाही असं सगळे विचारतात. तिथे दवाखाने भरपूर, डेंटिस्टही आहेत, पेशंटला पर्याय आहे. आणि सिंदेवाहीही आईबाबांपासून फार लांब नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्य तेच असल्यामुळे डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालतं, फक्त पत्ता बदलायचा. शॉप अॅक्ट नवीन. एक्सरे मशीनची एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर नोंद असते, जागा बदलली की तिथे कळवून परवानगी बघावी लागते, मशीन उचलून नेलं आणि लावलं असं करू नका. जैविक कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागतं, आणि रक्त लागलेला कापूस वगैरे ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून कचऱ्याची गाडी त्या गावात कोणत्या दिवशी येते ते जागा ठरवायच्या आधीच विचारा. मी ज्या दोन जागा सोडल्या त्यातली एक केवळ याच कारणाने सोडली. लॅब आणि खुर्चीचा मेकॅनिक नागपूरचाच. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे ब्रॉडगेजसाठी २०१९ ला बंद झाली, लहानपणी त्याच गाडीने आम्ही नागपूरला जायचो, आता मापं ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे डब्यात देऊन पाठवायची असं ठरलंय.

पुण्याच्या पेशंटचं मात्र लवकर सुरू करा. तारा लावलेल्या मुलांची ट्रीटमेंट दीड-दोन वर्षं चालते, मी पहिल्या चकरेनंतरच नवीन तारा घेणं बंद केलं तरी शेवटी चार मुलं उरली, त्यांना मैत्रिणीकडे दिलं, फाइल, मॉडेल आणि उरलेल्या पैशांसकट.

जागा शेवटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर मिळाली, जोतं उंच आहे, शेजारचा शिंपी म्हणाला पाणी कधी चढलं नाही. संध्याकाळी व्होल्टेज २१० मिळालं, तरी स्टॅबिलायझर घेतलाच. बोर्ड रंगवायला दिला तेव्हा मी पेंटरला वेळ लिहून दिली, सकाळी ८ ते ४.३०. तो म्हणाला, "संध्याकाळचा टाइम नाही टाकला म्याडम?" मी म्हटलं गावातल्यांसाठी खाली फोन नंबर टाका, ते विचारून येतील, खेड्यातल्यांना मात्र गाडी मिळाली पाहिजे. त्याने नंबर जरा मोठाच काढलाय.