सामान पोचलं, कागद वाटेत

नाशिकहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा ओळखीच्यांनी सल्ले दिले ते ट्रॅफिकचे, घरभाड्याचे आणि कन्नडचे. ट्रॅफिक महिन्याभरात अंगवळणी पडलं. खरा घाम काढला तो कागदपत्रांनी, आणि त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यातही अडलेलं जवळजवळ प्रत्येक काम अडलं ते नाशिकच्या टोकाला. इथे कुठेही गेलं की उत्तर ठरलेलं: आधी तिकडचं बंद करून या.

सामानाचं त्यामानाने बरं झालं. आमच्या सामानाने अख्खा ट्रक भरत नव्हता, म्हणून पार्ट लोड. म्हणजे आपलं कपाट भलत्याच कुणाच्या फ्रिजला खेटून प्रवास करतं आणि ट्रक वाटेत पुणे, कोल्हापूर, हुबळी असा जागोजागी माल उतरवत येतो. बिल्टीसोबतच्या यादीत प्रत्येक नग लिहून घेतला होता, म्हणून शिलाई मशीनचा पाय मोडलेला निघाला तेव्हा भांडता आलं. ट्रक दारात आला संध्याकाळी, आणि सोसायटीचा नियम असा की सहानंतर लिफ्टने सामान नेता येत नाही. शिवाय मूव्ह-इन चार्जेस वेगळे. राहायला येण्याचेही पैसे घेतात हे मला इथे येऊन कळलं.

डिपॉझिटबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर रक्तदाब वाढेल. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा म्हणतो की राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये. बंगळुरूत दहा महिन्यांची रीत होती. आता पाच-सहावर येतात, तेही ओनरचा मूड चांगला असेल तर. वर घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार, हे करारातच लिहिलेलं. आपल्याकडे भाडेकराराची नोंदणी सक्तीची, अंगठे बिंगठे देऊन रीतसर. इथे ई-स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा कागद, दोन सह्या, झालं.

आता गॅस. आमचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण सिलिंडर वेळेवर येत होता आणि पैसे वेळेवर जात होते, त्यामुळे ना एजन्सीला काही वाटलं ना आम्हाला. कनेक्शन बंद करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायला नवरा गेला, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "ग्राहकाची सही लागेल." मग आधी नाव बदला: मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं पत्र. वारस म्हणजे धाकटे दीर आणि मस्कतला असलेली नणंद. एका शेगडीसाठी मस्कतहून सही आली! तोवर आम्ही निघालो होतो आणि पॅकर्सच्या पोरांनी जुना रेग्युलेटर पोह्यांच्या डब्यात घालून बंगळुरूला रवाना केला होता. सिलिंडरबरोबर रेग्युलेटर परत दिल्याशिवाय व्हाउचर निघत नाही. तो कुरिअरने नाशिकला गेला, दिरांनी जमा केला, आणि कधीकाळी भरलेली अनामत त्या जुन्या आकड्यानेच परत मिळाली. इथे नवीन घ्यायला गेलो तर २०२२ च्या जूनपासून एका सिलिंडरची अनामत २२०० रुपये आणि रेग्युलेटरचे २५०.

ते होईपर्यंत स्वयंपाक इंडक्शनवर. तेही चाललं असतं, पण डाळ शिजेना. नाशिकहून आणलेली तूरडाळ, नेहमीचा कुकर, शिट्ट्यांवर शिट्ट्या, आणि दाणा तसाच टणक. सासूबाईंनी आधी इंडक्शनला नावं ठेवली, मग कुकरच्या रिंगला, शेवटी डाळवाल्याला. कारण निघालं पाण्याचं. इथे घर बघताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो कावेरीचं पाणी आहे की बोअरचं. आम्ही तो ऐकला होता, पण त्याचा संबंध वरणाशी असेल हे गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना कसं सुचणार? आमच्या इमारतीत बोअर आणि टँकर, दोन्ही जड पाणी, आणि जड पाण्यात डाळ मऊ होत नाही. आता वीस लिटरच्या कॅनमधलं पाणी डाळीसाठी राखीव असतं. त्यातला पेलाभर कुणी प्यायला घेतला तर आई, म्हणजे सासूबाई, ओरडतात.

गॅस मिळाल्याचा खरा फायदा पुढे झाला. पत्त्याचा पुरावा मागणाऱ्या सगळ्यांना हवं होतं आधार, आणि आधारवर पत्ता नाशिकचा. विजेचं बिल ओनरच्या नावाचं, त्याचा उपयोग शून्य. गॅसचं बिल मात्र नवऱ्याच्या नावाचं होतं आणि तीन महिन्यांच्या आतलं असेल तर आधारला चालतं. त्यावर त्याचा पत्ता बदलला. मग आईंचा, माझा आणि लेकीचा, कुटुंबप्रमुखाच्या संमतीने. ही सोय २०२३ पासून आहे आणि ती ज्याने काढली त्याचं भलं होवो. नात्याचा पुरावा जोडायचा आणि प्रमुखाने ऑनलाइन हो म्हणायचं. नवरा फोन हातात घेऊन "देऊ का मंजुरी?" असं विचारत घरभर फिरला.

आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची मला सर्वांत जास्त धास्ती होती, कारण नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला आणि बँकेत जाऊन यादीवर सही, हे नाशिकला ठरलेलं. यंत्रावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. पण जीवन प्रमाणच्या ॲपवर आता चेहऱ्यावरून काम होतं. खिडकीसमोर बसवलं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, दाखला गेला. आईंचा विश्वास बसेना. पुढच्या महिन्याचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत त्या "एकदा जाऊन येऊ या का गं?" असंच म्हणत होत्या.

शाळेचं प्रकरण जिव्हारी लागलं, कारण त्यात रोज घरी येऊन "माझं नाव आलं का?" विचारणारी मुलगी होती. शाळा सोडल्याचा दाखला निघायच्या आधीच घेतला होता. राज्याबाहेर जायचं म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही आणली होती आणि त्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. इथल्या शाळेने दाखला घेतला, फी घेतली आणि विचारलं, "ड्रॉपबॉक्समध्ये टाकलंय का?" यू-डायस प्लस नावाच्या केंद्राच्या पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याचा एक कायमचा क्रमांक असतो, त्याला पेन म्हणतात. मूल शाळा सोडतं तेव्हा जुन्या शाळेने त्याचं नाव आपल्या यादीतून काढून पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायचं आणि नव्या शाळेने तिथून उचलायचं. जुन्या शाळेने ते ठेवलंच नव्हतं. लेक इथे तिसऱ्या बाकावर बसत होती आणि सरकारदरबारी अजून नाशिकलाच हजर होती.

फोन सुरू केले. आधी हेडबाई सुट्टीवर, मग क्लार्क ट्रेनिंगला, मग साइट बंद, मग "सगळ्या वर्गाचं प्रमोशन टाकल्याशिवाय एकाचं नाव हलत नाही." शेवटचं कारण कदाचित खरंही असेल, त्या पोर्टलपुढे शाळांचे क्लार्क किती हैराण असतात ते मी ऐकून आहे. पण माझ्या पोरीचं काय? अखेर जाऊ स्वतः शाळेत जाऊन क्लार्कबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि नाव हलल्यावरच उठली. मला तिथे राहून हे जमलं नसतं. मी रागावले असते, ती चहा पीत बसली.

वर्गात बसल्यावर कन्नड. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत कन्नड सक्तीची झाली आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून ती टप्प्याटप्प्याने वर चढत गेली. सहावीत नव्याने आलेल्या मुलीपुढे पाच वर्षं कन्नड गिरवलेला वर्ग. मी तक्रार करायला तोंड उघडलं होतं, पण महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीबद्दल असाच कायदा केला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे गप्प बसले. खालच्या मजल्यावरच्या आजी तिला शिकवतात. त्या भावसार समाजातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. घरात मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं सगळं कन्नडमध्ये. लेकीला अक्षरं येऊ लागली आणि आईंना दुपारी गप्पांना कुणी मिळालं.

राहिली गाडी. एमएच १५ ची पाटी बघून सोसायटीतल्या प्रत्येकाने घाबरवलं की तीस दिवसांत इथला कर भरा, नाहीतर चौकात उचलतील. ती तीस दिवसांची अट उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच रद्द केली. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ बारा महिन्यांहून जास्त राहिल्यावर नवी नोंदणी मागतं. पण आम्ही इथे राहायलाच आलो आहोत, तेव्हा आज ना उद्या करायचंच होतं. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ आणि त्यावर चॅसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. हा ठसा घेताना नवऱ्याने पार्किंगमध्ये गाडीखाली अर्धा रविवार काढला. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, म्हणून आधी बँकेचं पत्र. बँकेचं पत्र ठराविक मुदतीपुरतं असतं. पहिलं पत्र मिळालं आणि आमची बाकीची जुळवाजुळव होईपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरं मागवलं.

कर्नाटकचा आजीवन कर देशातल्या सगळ्यांत चढ्या करांपैकी आहे. गाडीची मूळ किंमत आणि वय बघून तो निघतो आणि तो एकरकमी भरताना पोटात गोळा येतोच. आता नवा नंबर आला आहे. त्यामुळे फास्टॅग नवा, विम्याच्या कागदांत बदल, आणि नाशिकला एकदम भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मिळावा म्हणून तिथल्या आरटीओकडे अर्ज. अर्जाबरोबर नव्या आरसीची प्रत, इथल्या कराची पावती आणि रद्द केलेला चेक जोडायला सांगितलं आहे. चेकबुक संपलं होतं म्हणून नवीन मागवलं. बँकेने ते नाशिकच्या जुन्या पत्त्यावर पाठवलं. दीर पुढच्या आठवड्यात इकडे येताहेत, ते घेऊन येतील.