तुम्ही विचारलंत म्हणून : ‘रक्त पातळ करायची गोळी बंदच करायची ना?’

लग्नाच्या पंगतीत, मंडईत, अगदी मयताला गेल्यावरही हा प्रश्न मला गाठतो. कुणाच्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कुणाच्या आईचा मोतीबिंदू असतो, कुणाची दाढ काढायची असते. ‘त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, ती आठ दिवस आधी बंदच करायची ना?’ त्या ‘ना’मध्ये उत्तर ठरलेलं असतं. मी फक्त मान हलवायची बाकी असते.

मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरज भागातल्या निरनिराळ्या हॉस्पिटलांत जाऊन भूल देते, २२ वर्षं झाली. मान हलवायच्या ऐवजी मी विचारते, ‘गोळीचं नाव काय?’ इथे पंचाईत होते. माझ्या टेबलावर एक प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली जाते. आत कापलेल्या स्ट्रिपा. मेडिकलवाल्याने सहाच गोळ्या कापून दिल्यात आणि नावाचा तुकडा दुकानातच राहिलाय. ‘ही पिवळी रात्रीची. ही बारीक एक दिवस एक आणि एक दिवस अर्धी.’ अर्धीचा हिशोब ऐकला की माझे कान टवकारतात. असा हिशोब असणारी गोळी बहुतेक वेळा एसिट्रोम नाहीतर वॉरफेरिन निघते.

आधी त्या ‘पातळ’ शब्दाचं बघू. रक्त ताकासारखं पातळ होत नाही. ते तेवढंच दाट राहतं, फक्त गुठळी धरायला जास्त वेळ लागतो. आणि या नावाखाली दोन अगदी वेगळी घराणी नांदतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेल्यांना ती मिळतात. वॉरफेरिन, एसिट्रोम आणि आता आलेल्या डॅबिगाट्रान, रिवारोक्साबान, अपिक्साबान या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर काम करतात. हृदयातली कृत्रिम झडप, हृदयाचे अनियमित ठोके, पायाच्या शिरेतली गुठळी यांसाठी त्या असतात. कुठली गोळी, कशासाठी आणि ऑपरेशन कुठलं, हे तीन धागे हातात आल्याशिवाय ‘आठ दिवस’ या उत्तराला काही अर्थ नाही.

बंद करण्याची ही घाई कुठून येते ते मला कळतं. वॉरफेरिनचा इतिहासच मुळी रक्तस्रावाचा आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं शिंगं कापताना किंवा खच्ची करताना रक्त न थांबून मरायला लागली. सडलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत त्यांच्या खाण्यात आलं होतं. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, थोडं गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. त्या गवतातल्या द्रव्यावरून पुढे वॉरफेरिन तयार झालं. १९४८ साली ते उंदीर मारायला विकलं जात होतं आणि १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. म्हणजे या औषधाचा सुगावा लागला तो ऑपरेशनच्या जखमेतून. सर्जनला त्याची भीती वाटणारच.

पण या भीतीत एक असमतोल आहे आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती फिरतं. रक्तस्राव सर्जनच्या हातमोज्यावर दिसतो, त्याच दिवशी, सगळ्यांच्या समोर. गुठळी दहाव्या-बाराव्या दिवशी घरी होते, टाके काढून झाल्यावर. तेव्हा पेशंट दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. ज्याने गोळी बंद करायला सांगितली, त्याला कित्येकदा कळतही नाही.

माझ्या आत्याचं असंच झालं. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने तिच्या हृदयातली मायट्रल झडप खराब झाली होती. नव्वदच्या दशकात ती बदलली, चित्रा झडप बसवली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली ही आपली देशी झडप, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवलेली. आत एक चकती असते, ती प्रत्येक ठोक्याला उघडझाप करते. रात्री दिवे मालवले की आत्याच्या छातीतून टिक्‌टिक्‌ ऐकू यायचं. माझी मुलं तिला घड्याळआजी म्हणायची.

दाढ काढायची म्हणून तिला एसिट्रोम पाच दिवस बंद ठेवायला सांगितलं गेलं. दाढ निघाली, कापसाला नावापुरतं रक्त लागलं, सगळे खूश. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे सांगितलं कुणी नाही आणि हिने विचारलं नाही. मलाही फोन नाही. ‘एवढ्याशा दाढेसाठी तुला कशाला त्रास द्यायचा,’ आतोबा नंतर म्हणाले. बाराव्या दिवशी सकाळी सुनेने चहाचा कप दिला तो उजव्या हातातून सुटला. वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. गावात म्हणाले, अंगावरून वारं गेलं. रात्री झोपताना ठीक होती, म्हणजे नेमकं कधी झालं ते कुणालाच ठाऊक नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साधारण साडेचार तास मिळतात, ते बहुधा झोपेतच सरले होते.

आता ती डाव्या हाताने भाकरी थापते, एका बाजूला जाड होते. नावं हरवलीत. मी ‘ती’, आतोबा ‘ते’, दूधवालाही ‘ते’. शिव्या मात्र सगळ्या शाबूत आहेत, आणि त्या योग्य जागी पडतात.

यातली बोचणारी गोष्ट अशी की त्या दाढेसाठी गोळी बंद करायची गरजच नव्हती. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर हा आकडा आधी तपासून तो मर्यादेत आहे हे बघायचं, दाढ काढून एखादा टाका घालायचा, कापसाचा बोळा घट्ट चावून धरायला लावायचा, हवं तर रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गुळण्या. साध्या दाढेला एवढं पुरतं. डोळ्यात नुसते थेंब टाकून होणाऱ्या मोतीबिंदूचंही तेच, तिथेही सहसा काहीच बंद करावं लागत नाही. तरी दर महिन्याला कुणीतरी माझ्यासमोर कौतुकाच्या अपेक्षेने बसतं, ‘मॅडम, बंद केलीया की आठ दिस झालं!’ मी कपाळाला हात लावते.

मोठ्या ऑपरेशनला बंद करावी लागते, ते खरं. वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी, एसिट्रोम लवकर उतरते म्हणून दोन-तीन दिवस आधी, मग आदल्या दिवशी आयएनआर बघून पुढे जायचं. नव्या गोळ्यांना छोट्या कामासाठी एक दिवस आणि मोठ्यासाठी दोन दिवस, एवढंच पुरतं, बशर्ते मूत्रपिंडं धड असतील. डॅबिगाट्रान तर बहुतांशी लघवीवाटेच जातं, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्याला, म्हणजे मूत्रपिंडं मंदावलेल्याला, जास्त थांबावं लागतं. पाठीत भूल द्यायची असेल तर मी आणखी कडक होते. मणक्याच्या पोकळीत रक्त साठलं तर ते मज्जारज्जू दाबतं आणि पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून रिवारोक्साबान किंवा अपिक्साबान घेणाऱ्याला सुई टोचण्याआधी मी ७२ तास मोजते. मग सर्जन घड्याळाकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे.

पूर्वी आम्ही वॉरफेरिन बंद केली की मधल्या दिवसांत पोटाच्या कातडीत हेपारिनची, म्हणजे गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं द्यायचो. त्याला ब्रिजिंग म्हणतात, पूल बांधल्यासारखं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! अनियमित ठोक्यांच्या १,८८४ पेशंटांवर ते तपासून पाहिलं गेलं आणि २०१५ साली निकाल आला. गुठळीचा त्रास इंजेक्शनवाल्यांत ०.३ टक्के, बिनइंजेक्शनवाल्यांत ०.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. मोठा रक्तस्राव मात्र ३.२ टक्क्यांविरुद्ध १.३. मी स्वतः कित्येकांच्या पोटावर ते निळे डाग उठवले होते. त्यानंतर अशा बहुतेकांसाठी पूल बांधणं मी सोडलं. पण कृत्रिम झडपवाले त्या अभ्यासात नव्हते. मायट्रल जागी धातूची झडप असलेल्याचा विचार वेगळाच करावा लागतो, आणि तो हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून करावा लागतो, चिठ्ठीवर ‘फिटनेस दिली’ एवढं लिहून नाही.

स्टेंटवाल्यांची कथा तर अजून नाजूक. औषध लावलेला स्टेंट बसवल्यावर, टाळता येण्यासारखं ऑपरेशन शक्यतो सहा महिने टाळायचं, हार्ट ॲटॅकमुळे बसवला असेल तर वर्षभर. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन मात्र बहुतेक ऑपरेशनांत चालू ठेवतात. आता आपल्याकडची गंमत बघा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी असं सगळं एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. सोय म्हणून छान. पण ‘ती कॅप्सूल बंद करा’ म्हटलं की तिन्ही बंद होतात आणि ज्या ॲस्पिरिनच्या भरवशावर स्टेंट उघडा राहायचा, तीही गेली. अशा वेळी कॅप्सूल थांबवून साधी ॲस्पिरिन वेगळी लिहून द्यावी लागते. ती लिहायची राहते, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

उलटंही असतं. स्टेंट नाही, झटका आलेला नाही, तरी पन्नाशी झाली म्हणून कुणीतरी चालू केलेली ॲस्पिरिन. २०१४ साली दहा हजारांवर पेशंटांवरच्या अभ्यासात दिसलं, की हृदयाव्यतिरिक्तच्या ऑपरेशनच्या वेळी तिने ना मृत्यू घटले ना हार्ट ॲटॅक, मोठा रक्तस्राव तेवढा वाढला. तिला खुशाल सुट्टी द्यावी, अर्थात लिहून देणाऱ्याला विचारून. आणि ज्यांना आधीच पक्षाघात होऊन गेलाय त्यांनी टाळता येण्याजोगं ऑपरेशन निदान तीन महिने तरी पुढे ढकलावं. त्या दिवसांत मेंदूची रक्तपुरवठा सांभाळून घ्यायची ताकद परत आलेली नसते.

लसणाच्या कॅप्सूल, काढे, गुडघ्याला म्हणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पिशवीत येत नाहीत, कारण त्यांना कुणी औषध म्हणतच नाही. मी विचारून काढते.

आता आत्याच्या मुद्द्याकडे परत. इतक्या वर्षांत ‘कधी बंद करू?’ हा प्रश्न मला हजारदा आला असेल. ‘परत कधी सुरू करू?’ हा किती वेळा आला, ते बोटांवर मोजता येईल. ऑपरेशननंतरचे दिवसच खरे गुठळीचे असतात. रक्ताचा प्रवाह मंदावतो, शिरेला इजा होते, रक्त स्वतःच गोठायला उतावीळ होतं. या तिन्ही गोष्टी विर्शो या जर्मन वैद्याच्या नावाने एकत्र सांगतात आणि गुडघा किंवा खुबा बदलला की तिन्ही एकदम हजर असतात. म्हणून तर आम्ही दुसऱ्या दिवशी पेशंटला वॉकर देऊन उठवतो आणि घरचे आमच्यावर रागावतात, ‘बिचाऱ्यांना जरा पडू द्या!’

वॉरफेरिन किंवा एसिट्रोम रक्तस्राव थांबला असेल तर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करता येते, कारण तिचा अंमल चढायलाच काही दिवस लागतात. नव्या गोळ्या दोन-तीन तासांत काम करू लागतात, म्हणून छोट्या कामानंतर एक दिवस, मोठ्यानंतर दोन-तीन दिवस थांबायचं. हे इतकं सोपं असून का चुकतं? डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, ‘जुन्या गोळ्या चालू.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं की पूर्वीच्या सगळ्या घ्या. पेशंट वाचतो की ज्या चालू आहेत त्या चालू ठेवा. बंद केलेली गोळी काही चालू नाही, मग ती बंदच. दोघंही मराठी वाचतात, दोघंही बरोबर वाचतात.

म्हणून आता मी चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. पेशंटच्या घरच्यांना सांगते, भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन तारखा लिहा, एक बंदची, एक सुरूची, आणि फोटो काढून मला पाठवा. ऑपरेशन पुढे-मागे झालं तर दुसरी तारीख मला विचारून खोडायची.

परवा एका काकूंचा फोटो आला. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. चौकोनात वर ‘दूध २’, त्याखाली ‘गॅस आला’, आणि तळाशी लाल पेनाने, दोनदा अधोरेखित, ‘गोळी सुरू’. त्याच चौकोनात छापील एकादशी होती. फोटोखाली काकूंनी लिहिलं होतं, ‘यांचा उपास होता, गोळी नको म्हणत होते. भगर खायला लावली आणि दिली.’