दांडीवरचे वजन: कारमागे छोटी कॅम्पिंग ट्रॉली ओढण्याआधी

कारमागे राहण्याची छोटी ट्रॉली जोडून हिंडणारे आपल्या बेळगाव भागात अजून थोडेच आहेत, पण ट्रॉली ओढणे मात्र आपल्याला नवे नाही. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात दिवसरात्र ट्रॅक्टर आणि त्यामागच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि शेतकरी घरातल्या शाळकरी मुलालाही ट्रॉलीची पिन कशी घालायची हे ठाऊक असते. त्यामुळे इथला माणूस कॅम्पिंग ट्रॉली घेतो तेव्हा ट्रॅक्टरचा अनुभव गाठीशी धरूनच घेतो. हा अनुभव मोलाचा आहे. परंतु तो जसाच्या तसा कारला लावला जातो आणि तिथेच धोका सुरू होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन चाकांची उसाची ट्रॉली आपला बराचसा भार ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर टाकते. ट्रॅक्टरला ते सोसते, किंबहुना काही प्रमाणात ते हवेच असते, कारण मागची मोठी चाके जमिनीवर दाबली गेली तरच ती चिखलात पकड धरतात. भार अति झाला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही. म्हणून पुढे लोखंडी वजने टांगतात. जोडणीत पिन आणि कडे यांच्यात चांगली बोटभर मोकळीक असते, पण ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाला ती चालून जाते. कारचे तसे नाही. तिची मागची स्प्रिंग मऊ असते, ती ताशी सत्तरच्या वेगाने धावते, आणि तिच्यामागची ट्रॉली कारच्या मागे बसवलेल्या एका लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टेकलेली असते. त्या बॉलवर उभा, खालच्या दिशेने किती भार येतो, यावर सगळा प्रवास अवलंबून असतो.

हा भार कमी पडला तर काय होते, हे बैलगाडी हाकलेल्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावच्या एका आजोबांनी माझी ट्रॉली जोडलेली पाहिली, दांडी हाताने एकदा वर उचलून बघितली आणि म्हणाले, "मागं लई भरू नगा बघा, उलाळ झाली की बैलाचं काय चालत न्हाई." कारचेही तेच आहे. ट्रॉलीचे वजन चाकांच्या मागे गेले की दांडी वर उचलू पाहते, कारची मागची चाके हलकी होतात आणि एखादी बस वेगाने बाजूने गेली किंवा वाऱ्याचा झोत आला की ट्रॉली डावी-उजवीकडे झुलू लागते. भार नीट असेल तर हे झुलणे एक-दोन हेलकाव्यांत आपोआप शमते. भार मागे असेल आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रॉलीच कारला फिरवते.

मग दांडीवर भार किती असावा? अमेरिकेत भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार सांगतात, तर युरोपात 5 ते 7 टक्के. दोन्ही आकडे आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, कारण तिकडची वाहने, वेगमर्यादा आणि ट्रॉलीची घडण वेगळी आहे. युरोपातल्या बऱ्याचशा कारना बॉलवर 50 ते 100 किलोच्या आसपासच भार चालतो. भरून 700 किलो होणारी ट्रॉली धरली तर युरोपीय हिशेबाने 35 ते 49 किलो आणि अमेरिकन हिशेबाने 70 ते 105 किलो येतात. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या गाड्यांसाठी मी 7 ते 10 टक्क्यांच्या मध्ये राहणे पसंत करतो, म्हणजे या ट्रॉलीला साधारण 50 ते 70 किलो. मात्र बॉल, त्याची चौकट, कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलला पकडणारी वाटी) आणि गाडी या चौघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच आपली मर्यादा, आणि तिथे टक्केवारीचा वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा उल्लेखच नसतो. अशा वेळी चेसिस स्वतंत्र असलेली, वजनदार गाडी निवडावी आणि ट्रॉली हलकी ठेवावी, एवढेच शहाणपणाचे आहे. बंपरखाली जे ओढण्याचे कडे दिलेले असते ते अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असते. त्याला ट्रॉली लावणे सर्वस्वी चूक आहे.

बॉलवरचा भार गाडीवर जेवढ्यास तेवढा पडत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बॉल मागच्या आसापासून एक मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांत 2.7 मीटर अंतर आहे असे धरले, तर बॉलवरच्या 60 किलोमुळे मागच्या आसावर सुमारे 82 किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे सुमारे 22 किलो कमी होतात. डिकीत गच्च सामान आणि मागच्या सीटवर तिघे बसलेले असतील, तर हे 82 किलो त्यावर चढतात. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळे, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत आपले दिवे जातात तेही यामुळेच.

भार मोजायला वजनकाट्यावर जाण्याची गरज नाही. घरात माणसाचे वजन करायचा जो काटा असतो तो पुरतो. ट्रॉली सपाट जागी उभी करावी, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, प्रवासाला निघताना जे जे सामान असेल ते सर्व जागच्या जागी भरावे आणि काट्यावर लाकडाचा एक ठोकळा ठेवून त्यावर कपलर टेकवावा. ठोकळ्याची उंची अशी कापावी की कपलर नेमका बॉलच्या उंचीला येईल, कारण दांडी वर-खाली झाली की आकडाही बदलतो. दांडीचा जॅक पूर्ण वर घेतल्यावर काट्यावर दिसेल तो आपला भार. एकूण वजनासाठी मात्र मोठाच काटा हवा. ऊस पट्ट्यात तो शोधावा लागत नाही.

आता भार कसा हलतो ते पाहू, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे. ट्रॉली विकणारा एकूण वजन सांगतो, पण दांडीवरचा भार मांडणीवर ठरतो. एखादी वस्तू चाकांच्या आसापासून जितकी मागे, तितका तिचा उचलण्याचा जोर मोठा. वस्तूचे वजन गुणिले आसापासूनचे अंतर, भागिले आसापासून बॉलपर्यंतचे अंतर, एवढाच हिशेब आहे. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 55 किलोची धरू आणि आस ते बॉल अंतर 3 मीटर धरू. ती बॅटरी मागच्या कप्प्यात, आसाच्या 1.2 मीटर मागे असेल, आणि तिथून काढून आसाच्या 0.6 मीटर पुढे बसवली, तर दांडीवरचा भार 33 किलोंनी वाढतो. ट्रॉलीचे वजन एक ग्रॅमही बदललेले नसते. मागे लटकवलेल्या दोन सायकली, 30 किलोच्या, आसापासून 2 मीटरवर, एकट्याच 20 किलो उचलून धरतात. सायकली मागे टांगलेली ट्रॉली दिसायला छान दिसते, पण मी माझ्या ट्रॉलीमागे काहीही टांगू देत नाही.

पाण्याची टाकी याहून फसवी, कारण तिचे वजन वाटेत बदलते. साठ लिटरची टाकी म्हणजे साठ किलो. ती आसाच्या एक मीटर मागे असेल तर भरलेली असताना दांडीवरचे 20 किलो कमी करते. टाकी पुढे असेल तर उलट, पाणी संपत जाईल तसा भार घटतो, आणि वापरलेले पाणी मागच्या टाकीत साठत असेल तर दुप्पट घटतो. म्हणून टाकी भरून एकदा आणि रिकामी करून एकदा, असा दोन्ही वेळा भार मोजावा, आणि दोन्ही आकडे मर्यादेत बसले तरच मांडणी पक्की मानावी. ट्रॉली नवी बांधून घेणार असाल तर टाकी थेट आसावर बसवून घ्यावी. आपल्या उद्यमबागेत लोखंडाचे काम करणाऱ्यांची वाण नाही, आणि नकाशावर आस आणि टाकी एका रेषेत काढून दिली तर ते काम अवघड नाही. जड वस्तू आसाजवळ आणि तळाशी, हलक्या वस्तू टोकांना, हे मात्र कारागिरावर न सोडता आपण स्वतः सांगावे. ट्रॉली पुढे-मागे दोन्हीकडे जड आणि मध्ये हलकी असेल, तर दांडीवरचा आकडा अगदी योग्य येऊनही ती एकदा झुलली की लवकर थांबत नाही.

जोडणीतली पहिली पारख बॉलच्या मापाची. युरोपीय माप 50 मिलिमीटर, अमेरिकन दोन इंच म्हणजे 50.8. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर खेळतो आणि 50 चा कपलर दोन इंची बॉलवर पुरता बसत नाही. कपलरवर माप कोरलेले असते ते वाचावे आणि बॉल व्हर्नियरने मोजावा. 50 चा बॉल झिजून कुठेही 49 च्या खाली आला असेल तर तो बदलावा. उंचीच्या बाबतीत ट्रॉली जमिनीला समांतर किंवा नाकाने किंचित खाली असावी. युरोपात भरलेल्या गाडीच्या बॉलचा मध्य जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटरवर ठेवतात. आपल्या उंच गाड्यांना त्यासाठी खाली वाकवलेली पट्टी लागते. जड ट्रॉल्यांसाठी भार पुढच्या आसावर परत ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या मिळतात. छोट्या ट्रॉलीला त्यांची गरज नाही, आणि चुकीची मांडणी त्या सुधारत नाहीत.

कपलर बसवून खटका लागला की माझा विश्वास त्या आवाजावर नसतो. दांडीचा जॅक पुन्हा काही फेरे खाली घ्यावा. कपलरने बॉल खरोखर पकडला असेल तर कारचा मागचा भाग ट्रॉलीसह वर उचलला जातो; नुसता टेकला असेल तर कपलर निसटून वर येतो आणि हे अंगणातच कळते. साखळ्या दोन हव्यात, त्या दांडीखालून एकमेकींवर आडव्या टाकाव्यात आणि गाडीच्या चौकटीत अडकवाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्यांच्या झोळीत पडते. वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवावी, पण ती रस्त्याला घासू नये. दिव्यांची वायर जोडून ब्रेक, इंडिकेटर आणि मागचा दिवा कुणाला तरी मागे उभे करून पाहून घ्यावा. हंगामात रात्री दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली ज्याने ऐन वेळी पाहिली आहे, त्याला या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रस्त्यावर दोन ठिकाणे मला विशेष वाटतात. एक तवंदीचा घाट, जिथे राष्ट्रीय महामार्गाचा रुंद उतार वेग नकळत वाढवतो, आणि दुसरा चोर्ला, जिथे कणकुंबी सोडल्यावर गोव्याकडे वळणावळणाचा उतार लागतो. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ट्रॉल्यांनाही ते नसतात. म्हणजे उतारावर सगळे वजन कारच्याच ब्रेकवर येते. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यावा आणि इंजिनाला गाडी धरू द्यावी. ट्रॉली झुलू लागली तर ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. झुलण्याच्या विरुद्ध दिशेला स्टिअरिंग फिरवू नये आणि वेग वाढवून ट्रॉली सरळ करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. नंतर सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवावे, कारण झुलण्याचे कारण बहुतेक वेळा ट्रॉलीच्या मागच्या कप्प्यातच सापडते.

निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबून चौकटीचे बोल्ट पान्याने तपासावेत आणि ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर त्या बाजूचे बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.